स्टेअरिंगवरची विभूती

१

शिवानीनं हॉर्न दाबला आणि तो वाजलाच नाही. तिथून आमच्या घराची झोप उडाली.

आधी घर सांगते. आमच्या घरात दोन सुना आहेत. थोरली मी, सिद्धेश्वरी, आणि धाकटी शिवानी. ती विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासते. गाडीभोवती एक चक्कर मारली की मालक खरं बोलतोय की थापा मारतोय हे तिला कळतं, असं आमचे सासरे प्रभुलिंगअप्पा येईल त्या पाहुण्याला सांगतात. माझी शेंगापोळी तव्यावर कधी फुटत नाही, हे मात्र त्यांनी आजवर एकाही पाहुण्याला सांगितलेलं नाही.

मी जळते का तिच्यावर? जळते. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

त्या शनिवारी तर सकाळपासूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अप्पांची जुनी पांढरी गाडी दुरुस्त होऊन दारात आली होती आणि ती शिवानीला मिळणार होती, तिला कामासाठी गावोगाव फिरावं लागतं म्हणून. मलाही कामं असतात. मला गाडी येत नाही हा मुद्दा वेगळा, पण एकदा विचारायचं तरी!

दुरुस्ती तशी एवढीशीच होती. अप्पा रोज सकाळी आंघोळ करून देवघरातली विभूती ओली करतात, कपाळाला लावतात आणि मग गाडीत बसून स्टेअरिंगच्या मधोमध तीन बोटांनी तीन पट्टे ओढतात. गाडी घेतल्यापासून हा नेम आहे. एक तर ओली विभूती, त्यात सोलापूरचं ऊन. मधलं ते काळं कव्हर आधी चिकट झालं, मग तडकलं आणि शेवटी त्याचे पापुद्रे निघायला लागले. त्याच्या आत एअरबॅग असते. गाडी धडकली की कव्हर फाटतं आणि पिशवी फुगून चालवणाऱ्याची छाती वाचवते. कव्हर असं कुजलेलं असताना गाडी वापरायची नाही, असं शिवानीनं सांगितलं. मग ते बदलायला गाडी सुमितकडे, शिवानीच्या ओळखीच्या मेकॅनिककडे, गेली.

दुपारी आणखी एक वैताग झाला. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून मागच्या न्हाणीत भरून ठेवलेल्या बॅरलवर माझा पहारा असतो. जेवणं झाली, सगळे आडवे झाले, आणि उठून बघते तर बॅरल चांगलं वीतभर खाली गेलेलं. अप्पांची संध्याकाळच्या आंघोळीची बादली मी वेगळी झाकून ठेवते, ती तशीच होती. मी घर डोक्यावर घेतलं. कोण ते कबूल होईना, म्हणून भांडीवालीला बोल लावला. खरं तर मला शिवानीलाच बोलायचं होतं, पण ती ऑफिसात होती.

चहाला आमचे हे, म्हणजे सोमशेखर, डोळे चोळत आले. गुरुशांत भावजी, म्हणजे शिवानीचा नवरा, कसे टवटवीत दिसत होते. कपाळावर विभूती, केस विंचरलेले. नाहीतर आमचं ध्यान! नवरासुद्धा हिला नीटनेटका मिळाला, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

संध्याकाळी शिवानी आली. अप्पांनी कौतुकानं तिच्या हातात किल्ली दिली. आम्ही सगळे पोर्चमध्ये उभे. नव्या कोऱ्या कव्हरवर अप्पांचे तीन पट्टे उठून दिसत होते. तिनं गाडी चालू केली, हसत हसत हॉर्नवर तळवा दाबला. आवाज आला नाही. कव्हर मात्र रिकाम्या डब्याच्या झाकणासारखं आत दबलं.

शिवानीचं हसू मावळलं. तिनं कडेला नख घालून कव्हर ओढलं, तर ते हातात आलं. आतून चिकटपट्ट्या लोंबत होत्या.

"अप्पा," ती म्हणाली, "आत एअरबॅगच नाहीये."

२

"त्या सुमितचं काम!" आमचे हे पहिल्यांदा ओरडले. "बॅग विकून खाल्ली आणि रिकामं झाकण लावून दिलं. कुंभारीच्या पोराला घरात घेतलं की असंच व्हायचं."

"दादा, यात कुंभारी कुठून आली?" शिवानीनं विचारलं.

सुमित कांबळे कुंभारीचा, शहराबाहेरच्या विडी कामगारांच्या वस्तीतला. अक्कलकोट रोडला त्याचं लहानसं गॅरेज आहे. मोठ्या शोरूममध्ये शिकून आलेला, कामात चोख, असं शिवानी म्हणायची. म्हणायची म्हणजे रोज म्हणायची. तिच्या कंपनीच्या ठरलेल्या गॅरेजांच्या यादीत त्याचं नाव घालायचं चाललं होतं. मंगळवारी कंपनीचे साहेब त्याचं गॅरेज बघायला येणार होते. त्याआधी चोर म्हणून नाव झालं असतं, तर साहेबच काय, रिक्षावालाही त्याच्या दारात उभा राहिला नसता.

शिवानी मात्र डॅशबोर्डकडे बघत होती. "हे घड्याळ बघा. बाहेर सहा वाजून गेलेत, यात तीन वाजून गेलेत."

"जुनी गाडी आहे," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा. एअरबॅग काढायच्या आधी बॅटरीची वायर काढावी लागते, नाहीतर ती तोंडावर फुटायची. वायर परत जोडली की हे घड्याळ बारापासून नव्यानं सुरू होतं. म्हणजे वायर तीनएक तासांपूर्वी जोडली गेली. भर दुपारी. तेव्हा गाडी कुठं होती?"

गाडी सकाळी अकराच्या आत दारात आली होती. सुमितनंच ती आणली होती. त्यानं अप्पांना शेजारी बसवून समोरचा लाल दिवा दाखवला होता: "अप्पा, दिवा येतो आणि जातो, म्हणजे बॅग चांगली आहे बघा." हॉर्नही वाजवून दाखवला होता. तो गेल्यावर अप्पांनी विभूती लावली. त्यानंतर गाडी पोर्चमधून हललीच नव्हती.

म्हणजे चोरी आमच्या दारात झाली होती.

तेवढ्यात गुरुशांत भावजी म्हणाले, "दुपारी तो परत आला होता."

"कोण?"

"सुमित. मी वरच्या गॅलरीतून पाहिलं. गाडीत वाकून काहीतरी करत होता. पाना विसरला असेल म्हटलं, म्हणून बोललो नाही."

शिवानीनं नवऱ्याकडे पाहिलं. "नक्की तोच?"

"मग काय, ओळखत नाही का मी त्याला? घरात दुसरं नाव कुठं असतं?"

झालं. अप्पांचा चेहरा लाल झाला. "उद्या त्याला बोलवा. संध्याकाळपर्यंत वस्तू दिली तर ठीक, नाहीतर पोलिसात जाऊ."

"अप्पा, उद्याचा दिवस मला द्या," शिवानी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मी विचारपूस करते. घरातल्यांचीसुद्धा."

"घरातल्यांची?" अप्पांनी मान हलवली. आणि मग, देवा शप्पथ, त्यांनी सगळ्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं. "सिद्धेश्वरी, तुला यातलं काही माहीत नाही ना?"

३

रात्रभर मला झोप नव्हती. मी जळते हे खरं, पण स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूनं धरायचा हेसुद्धा मला ठाऊक नाही. तरी अप्पांच्या डोळ्यांत संशय आला तो माझ्याबद्दलच. त्याच क्षणी मी मनात म्हटलं, हुशार बाई, शोध बरं आता चोर. माझं नाव घेतलंस तर बघ, आणि माझं नाव पुसलंस तर आयुष्यभर उपकार ओझ्यासारखे वाहायला लावशील. दोन्हीकडून मरण माझंच!

रविवारी सकाळी ड्रायव्हर मल्लिकार्जुन आला. अप्पांची गाडी इतकी वर्षं त्यानंच चालवली. आता शिवानी स्वतः चालवणार, म्हणजे त्याचं काम संपलं. आमच्या यांच्या मते तो दुसऱ्या नंबरचा चोर होता. शिवानीनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. मी दाराआड भाजी निवडत होते. ऐकत नव्हते, ऐकू येत होतं.

"मल्लिकार्जुनमामा, काल दुपारी कुठं होता?"

"मंद्रूपला, ल्येकीकडं. संध्याकाळच्या यश्टीनं आलो. इचारा की तिला."

"गाडी सुनेला दिली, राग आला?"

"आला की! खोटं कशाला बोलू? लई वरसं पोरीवानी सांबाळली तिला." तो थांबला. "पर ताई, त्या कवरावर अप्पांची विभूती हुती म्हंत्यात. तिला पारोशा हातानं शिवायचं न्हाय, ह्यो अप्पांचा नेमच हाय. जेवून डोळा लागला का अंग पारोसं. दुपारी गाडी पुसायची झाली तरी मी तेवडं मधलं सोडून पुसतो. अप्पांनी ह्या दोन पोरांस्नी बी ल्हानपनी त्यापायी मारलंय."

"खरंय?"

"व्हय तर! धाकल्याला तर दोनदा."

शिवानी चहाचा कप हातात तसाच धरून बसली.

मग सुमित आला. सोबत त्याची आई मुक्ताबाई होती. सुमित दाराबाहेरच उभा राहिला, डोळे सुजलेले.

"मॅडम, मी परत आलोच नाही ओ. दुपारी शटर ओढून गॅरेजमध्येच जेवलो, तिथंच पडलो."

"कुणी पाहिलं?"

"कोण बघणार? दुपारी अक्कलकोट रोडला कुत्रं पण नसतं."

"सुमित, काल कव्हर बसवून गाडी दिलीस तेव्हा त्याच्यावर काही होतं?"

"काही नाही. कोरं होतं. का?"

मुक्ताबाई मध्येच पुढे झाली. तिची बोटं विड्या वळून वळून पिवळी पडलेली. "ताई, माजं पोरगं रातभर भितीला पाट लावून बसलंय. म्हंतंय, मंगळवारी साहेब येनार, आन त्येच्या आदी पोलीस येनार. तेवडं येक सांगा, पोलीस कवा येनार? म्हंजी मी तवर त्याला जेवू तरी घालीन."

मला ऐकवलं नाही. मी भाजीचं ताट उचलून आत गेले.

थोड्या वेळानं शिवानी स्वयंपाकघरात आली. तिनं दार लावून घेतलं.

"अक्का," ती म्हणाली, "आता तुमची पाळी."

४

"विचार," मी म्हटलं. "माझं नाव घ्यायचं असेल तर सरळ घे. गाडी मला हवी होती, हे आपल्या सगळ्या होटगी रोडला माहीत आहे."

"मला ते नाही विचारायचं. काल दुपारी तुम्ही पाण्यावरून ओरडलात म्हणे?"

मला हसावं की रडावं कळेना. "चोरी एअरबॅगची झालीय, पाण्याची नाही."

"सांगा तरी."

मी सांगितलं. बॅरल वीतभर खाली, न्हाणीची फरशी ओली, मागच्यापुढच्या दोन्ही दारांना आतून कडी. भांडीवाली तर आलीच उशिरा.

"म्हणजे कुणीतरी आंघोळ केली. उन्हाळा आहे, अंग घामानं चिकटतं, करेल कुणीही. मग तुम्ही विचारलंत तेव्हा 'मी केली' असं कुणी का नाही म्हणालं?"

मी सुरी खाली ठेवली. बाई हुशार आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, आणि फार झोंबलं.

शिवानी हळू आवाजात बोलत होती, स्वतःशीच बोलावं तसं. "कव्हर काढताना अप्पांचे पट्टे पुसले जाणारच. वाळलेली विभूती बोट लागलं तरी झडते. पण संध्याकाळी पट्टे अगदी ताजे होते. म्हणजे चोरानं ते पुन्हा ओढले. आणि ओढायच्या आधी..."

"आंघोळ केली," मी म्हटलं.

"आणि आंघोळ करून विभूती हातात घेतली, तर आपल्या घरातला माणूस आधी काय करतो, अक्का?"

आधी कपाळाला लावतो. दुसरं काय करणार?

माझ्या डोळ्यांपुढे कालचा चहा उभा राहिला. विंचरलेले केस, टवटवीत चेहरा. सकाळची विभूती दुपारपर्यंत घामानं उतरते. आमच्या यांच्या कपाळावर काल तिचा मागमूस नव्हता. गुरुशांत भावजींच्या कपाळावर मात्र तिन्ही पट्टे ताजे होते.

"चहाच्या वेळी मी घरात नव्हते," शिवानी म्हणाली. "तुम्ही होतात. कुणाच्या कपाळावर विभूती होती?"

इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. तिचं तोंड उतरवणारा शब्द माझ्या जिभेवर होता. अप्पांच्या लाडक्या सुनेचा नवरा चोर! एक नाव घ्यायचं, आणि उद्यापासून पाहुण्यांना काय सांगायचं ते अप्पांनाच सुचलं नसतं.

"माझ्या लक्षात नाही," मी म्हटलं.

"तुमच्या लक्षात नाही असं आजवर कधी झालंय?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या खोट्यातूनच तिला उत्तर मिळालं होतं.

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात गुरू म्हणाला होता, कव्हर मी बदलतो. व्हिडिओ पाहून ठेवले होते त्यानं. मी म्हटलं, एअरबॅग आहे ती, खेळणं नाही, सुमितला करू दे. सगळे जेवत होतो तेव्हा."

मला आठवलं. भावजींनी डिप्लोमा केलेला, पण धंदा काही जमला नाही. आता एका दुकानात हिशेब बघतात. त्या दिवशी ते ताटावरून अर्धपोटी उठले होते. मी मात्र शिवानीनं त्यांना गप्प केलं म्हणून मनातल्या मनात खूश झाले होते. आता कळलं, त्यांच्या पोटात काय दुखत होतं. ते दुखणं माझ्या ओळखीचं होतं. घरात दिवसरात्र दुसऱ्याच कुणाचं कौतुक चाललंय आणि आपण ताट घेऊन बसलोय, हे मी रोज जेवते.

"ऐक," मी तिचा हात धरला. "बॅग कुठं आहे ते शोधू. गुपचूप डिकीत ठेवू आणि सापडली म्हणू. कुणाचंच नाव नको. घरातली गोष्ट घरात राहील."

"आणि सुमित?"

"सुमितलाही पोलीस नाहीत."

"लोक म्हणतील, घाबरून परत आणून टाकली. अक्का, तो चोर नाही हे मी सांगितलं नाही, तर तो कायमचा चोरच."

तिनं डोळे पुसले आणि दाराची कडी काढली.

"शिवानी, नवरा आहे तो तुझा!"

"म्हणून तर मलाच सांगायला पाहिजे," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

५

तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. सुमित आणि मुक्ताबाईला खुर्चीवर बसवलं. मुक्ताबाई नको नको म्हणत काठावर टेकली. अप्पा मधोमध, आमचे हे त्यांच्या शेजारी. भावजी खिडकीपाशी उभे होते.

शिवानीनं घड्याळापासून सुरुवात केली, मग विभूतीवर आली. "अप्पा, वाळलेले पट्टे न मोडता कव्हर काढता येईल?"

"शक्य नाही."

"म्हणजे संध्याकाळचे पट्टे तुमचे नव्हते. चोरानं पुन्हा ओढलेले होते."

"असतील त्या सुमितनंच ओढले," हे म्हणाले.

"विभूती आपल्या देवघरात असते. सगळी दारं आतून बंद होती. आणि ओढणाऱ्यानं त्याआधी मागच्या न्हाणीत जाऊन आंघोळ केली, आपल्या बॅरलमधल्या पाण्यानं. अक्का त्याच पाण्यावरून ओरडल्या. नवऱ्याच्या... माणसाच्या हातून चोरी झाली, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण पारोशा हातानं विभूतीला शिवायला तो घाबरला. अप्पा, अशी भीती तुमच्या हातचा मार खाल्लेल्यालाच वाटते."

अप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी झोपलो होतो!" हे उठूनच उभे राहिले.

"घोरत होते," मी म्हटलं. "मी जागी होते, मी साक्ष देते. आवाज शेजारच्यांनीसुद्धा ऐकला असेल." कुणी हसलं नाही.

शिवानी खिडकीकडे वळली. "गुरू, बॅग कुठं ठेवलीस?"

भावजी बाहेर बघत राहिले. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "आपल्या दिवाणात. चादरीत गुंडाळून."

"अय्यो, शिवा!" अप्पा पुटपुटले.

"त्या गाडीतून मी उद्या जाणार होते," शिवानी म्हणाली. "धडकले असते तर?"

"लाल दिवा राहतोच की चालू. हॉर्न वाजत नाही. तुला कळणारच होतं." भावजींचा आवाज एकदम चढला. "तुला काय कळत नाही? सगळं कळतं! फक्त रोज ताटावर बसलं की सुमितनं हे केलं, सुमितला विचारते, हे ऐकून मला काय वाटतं, तेवढं कळत नाही. मी एक कव्हर बदलतो म्हटलं तर खेळणं नाही म्हणालीस. सगळ्यांपुढं."

"म्हणाले," शिवानी म्हणाली. "सगळ्यांपुढं म्हणायला नको होतं. ते माझं चुकलं."

"मग?"

"मग मला बोलायचं होतंस. भांडायचं होतंस. याच्या पोटावर का पाय दिलास? तो परत आला होता असं का सांगितलंस?"

"एका मेकॅनिकसाठी नवऱ्याला उभं केलंस ना शेवटी चोर म्हणून?"

"गुरू, सुमितनं केलं असतं तर मी याच जागी उभी राहून त्याचं नाव घेतलं असतं. तुला वाटत होतं तो माझा कुणी विशेष आहे. नाहीये. बरोबर काम करतो, एवढंच."

भावजी खाली बसले. रडत होते की नाही, मी बघितलं नाही.

अप्पा भावजींवर हात उगारून उठले, तशी शिवानीच मध्ये आली. "साकु, अप्पा!" ती ओरडली. अप्पांच्या कानडीत त्यांनाच कुणी पुरे म्हणायची ती पहिलीच वेळ. अप्पांचा हात खाली आला. मग ते मुक्ताबाईपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, चूक झाली आमची."

"माज्याम्होरं कशाला?" मुक्ताबाई म्हणाली. "चोर त्येला म्हनलाय. त्येच्याशी बोला."

अप्पांना एवढं कुणी ऐकवलेलं नव्हतं. ते सुमितकडे वळले आणि "चुकलं आमचं," एवढंच कसंबसं म्हणाले. आमच्या यांना तर तेवढंही जमलं नाही. ते चपला शोधत बाहेर गेले.

सुमितनं बॅग तपासली, ठीक होती. पोर्चमध्ये त्यानं अवजारं मांडली आणि भावजींना हाक मारली. "दादा, बॅटरीची वायर तुम्ही काढा. काल नीट काढली होती तुम्ही, कुठं ओरखडासुद्धा नाही." त्यात टोमणा होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही. भावजींनी पाना घेतला. दोघं एकमेकांकडे न बघता काम करत राहिले. मुक्ताबाई पायरीवर बसून होती. मी दिलेला चहा तिनं घेतला नाही.

६

रात्री हे म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? उतरला तिचा तोरा."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. तिचं तोंड उतरलेलं बघून पोट भरेल, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात काय झालं, तर मला आणखीनच हेवा वाटला. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं घेतलं. मी एक साधं कपाळ आठवत नाही म्हणून सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यानं असं केलं असतं तर मी बॅग डिकीत टाकली असती, आणि मुक्ताबाईच्या पोरानं काय करायचं ते करावं.

"तुम्ही माफी मागितली नाहीत त्या पोराची," मी म्हटलं. यांनी कूस बदलली.

सोमवारी सकाळी शिवानी कामाला निघाली. केमजवळ कुठंतरी ट्रक उलटला होता. डोळे सुजलेले, पण इस्त्रीचा ड्रेस, खांद्याला बॅग. अप्पा देवघरात बसून होते. त्या दिवशी ते गाडीपाशी आले नाहीत. भावजी दारात उभे होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, "संध्याकाळी बोलू," एवढंच म्हणाली, आणि गाडीत बसली.

मी हात पुसले, चपला घातल्या आणि पलीकडचं दार उघडून आत बसले.

"अक्का? कुठं जायचंय तुम्हाला?"

"केमला."

"तिथं काय आहे तुमचं?"

"काही नाही."

"मग?"

मी पट्टा शोधत होते, तो कसा लावतात ते मला कुठं माहीत! "घरी थांबले तर दिवसभर सगळे तुझंच बोलणार," मी म्हटलं. "मला ते सहन होत नाही, तुला माहीत आहे."

शिवानी माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम हसली, हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरले. तिनं वाकून माझा पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. समोरचा लाल दिवा लागला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो, आणि तो विझल्यावर निघालो.